बेल वाजली की शू: छोट्या कुत्र्यासाठी काय घ्यावं आणि काय दुकानातच राहू द्यावं

पॉम, शिह त्झू, पग, डॅशहंड, ल्हासा किंवा घरचं एखादं छोटं गावठी कुत्रं पाहुणा दिसला की आनंदाने शू करतं, म्हणून ऑनलाइन शोधायला गेलं की वस्तूंचा ढीग समोर येतो. बेली बँड, डायपर, पॅड, एन्झाइम क्लीनर, ‘इथे शू नको’ छापाचे स्प्रे, शांत करणारे डिफ्यूजर, गेट, लिक मॅट, शिवाय घरी येणारे ट्रेनर. यातलं बरंचसं फरशीच्या कामाचं आहे, कुत्र्याच्या नाही. कुत्र्यावर खरोखर परिणाम करणाऱ्या गोष्टी त्या मानाने स्वस्त आहेत, पण त्यांना घरातल्या माणसांची साथ लागते आणि ती कुठल्याही डब्यात भरून मिळत नाही. खरेदीचा क्रम त्यामुळेच महत्त्वाचा.

पहिला खर्च व्हेटकडे

शू फक्त भेटीच्या वेळी होते की एरवीही, हे आधी बघा. झोपून उठल्यावर गादीवर ओल सापडते, चालता चालता थेंब पडतात, सारखी थोडी थोडी शू होते, लघवीला उग्र वास किंवा लालसर छटा आहे, यातलं काहीही दिसलं तर मामला उत्साहाचा नाही. मूत्रमार्गाचा संसर्ग असू शकतो. नसबंदी झालेल्या मादीत मूत्रमार्गाचा स्नायू सैल पडू शकतो. मादी पिल्लू जन्मापासून गळत असेल, तर मूत्रपिंडातून येणारी नळी चुकीच्या जागी उघडत असल्याची शक्यता तपासावी लागते. मधुमेह आणि मूत्रपिंडाचे आजार आहेतच. खाजेसाठी चालू असलेल्या स्टेरॉइडच्या गोळ्यांनीही तहान आणि शू दोन्ही वाढतात, आणि हे कारण हमखास विसरलं जातं.

घरी करता येणारी तपासणी पाण्याची. भांड्यात मोजून पाणी ओता, चोवीस तासांनी उरलेलं मोजा. किलोमागे १०० मिलीच्या वर पाणी जात असेल, म्हणजे ४ किलोच्या कुत्र्यात ४०० मिलीहून जास्त, तर थांबू नका. लघवीचा नमुना सकाळच्या पहिल्या शूचा घ्या. धुऊन कोरड्या केलेल्या उथळ वाटीत धरला की पुरतो. तो तासाभरात लॅबला पोचावा, उशीर होणार असेल तर फ्रिजमध्ये ठेवावा. कल्चर, म्हणजे जिवाणू वाढवून बघायची तपासणी, करायची असेल तर वाटीतला नमुना चालत नाही. व्हेट बारीक सुईने तो थेट मूत्राशयातून काढतात. ऐकायला वाईट वाटतं, प्रत्यक्षात कुत्र्याला इंजेक्शनपेक्षा फार वेगळं काही जाणवत नाही.

शू कमी व्हावी म्हणून पाणी तोडणं हा सल्ला अजूनही दिला जातो. तो घेऊ नका. निरोगी कुत्र्यात तासाला किलोमागे साधारण १ ते २ मिली लघवी तयार होते. त्यामुळे ४ किलोच्या कुत्र्याला चार तास बाहेर नेलं नाही, तर पाहुणे येतात तेव्हा आत १५ ते ३० मिली जमलेली असते. पाणी तोडण्याऐवजी पाहुण्यांच्या दहा मिनिटं आधी खाली फिरवून आणा. गळायला मुळात काही शिल्लकच नसतं.

तपासणीत काही निघालं नाही की दोन प्रकार उरतात आणि पुढची खरेदी त्यावर ठरते. उत्साहाच्या शूमध्ये कुत्रं उभं असतं, नाचतं, सैल अंगाने शेपटी हलवतं आणि थेंब मागे सांडत जातात. दबून होणाऱ्या शूमध्ये कान मागे जातात, अंग जमिनीला टेकतं, नजर चुकवली जाते, ओठ चाटले जातात, कधी कुत्रं उताणं होऊन पोट दाखवतं. ही दुसरी शू म्हणजे ‘मी तुमच्या वाटेत नाही’ असं कुत्र्याचं सांगणं. त्यावर ओरडलं की ते तेच जास्त जोरात सांगतं, म्हणजे शू वाढते. पंचवीस-तीस सेंटिमीटर उंचीच्या प्राण्यावर माणूस वरून वाकतो तेव्हा आनंद आणि दडपण एकाच क्षणी येतात, म्हणून छोट्या कुत्र्यांत दोन्ही प्रकार बऱ्याचदा मिसळलेले असतात. पिल्लांची स्नायूंवरची पकडच पुरी झालेली नसते. वर्षाचं होईपर्यंत बरीच पिल्लं आपसूक थांबतात. सहा महिन्यांच्या पिल्लासाठी महागडा संच मागवायच्या आधी हे लक्षात घ्या.

एन्झाइम क्लीनर: घ्या, पण कशासाठी ते समजून

उत्साहाची शू वासामुळे होत नाही, त्यामुळे क्लीनरने ती थांबणार नाही. पण दाराजवळ रोज थोडी थोडी मुरत गेली की तीच जागा कुत्र्याला शूची वाटायला लागते, आणि एका त्रासाचे दोन होतात. क्लीनर लागतो तो यासाठी. लघवीतला युरिक आम्लाचा भाग पाण्याने नीट निघत नाही. वाळून बसतो आणि पावसाळी दमट हवेत पुन्हा वास मारतो. एन्झाइम किंवा जिवाणू असलेला क्लीनर तो भाग मोडतो. आयात मालात नेचर्स मिरॅकल आणि सिंपल सोल्यूशन ही जुनी नावं आहेत, देशी ब्रँडही आता बरेच आहेत. नावापेक्षा लेबलवर एन्झाइम किंवा जिवाणूंचा स्पष्ट उल्लेख आहे का, आणि उत्पादनाची तारीख काय, हे बघा. नुसतं ‘पेट सेफ फ्लोअर क्लीनर’ लिहिलेलं बऱ्याचदा सुगंधी साबणपाणी निघतं. उष्णतेने एन्झाइम निकामी होतात, तेव्हा बाटली गच्चीवरच्या किंवा गाडीतल्या उन्हात ठेवू नका.

या क्लीनरबद्दलच्या तक्रारींमागे माल कमी आणि वापरायची पद्धत जास्त असते. शू आधी जुन्या कापडाने टिपून घ्यावी, घासू नये. मग क्लीनर इतका ओतावा की टाइलच्या सांध्यात उतरेल. वास सांध्यात असतो, टाइलच्या पाठीवर नाही. लेबलवर लिहिलेला वेळ, सहसा १० ते १५ मिनिटं, जागा ओली राहायला हवी. आपल्याकडे नेमकं इथेच बिघडतं, कारण डोक्यावर पंखा फिरत असतो आणि चार मिनिटांत सगळं सुकतं. पंखा बंद करा किंवा वर ओलं फडकं टाका. सोफ्यात किंवा गादीत शू जितकी खोल गेली तितकाच खोल क्लीनर जायला हवा, वरवर फवारून उपयोग नाही. दुसरी चूक फिनाइलची. फिनाइल किंवा ब्लीचने पुसलेल्या जागेवर लगेच क्लीनर टाकला तर त्यातले जिवाणू मरतात आणि एन्झाइमही कामातून जाऊ शकतात. आधी साध्या पाण्याने दोनदा पुसा, मग टाका. कामाला येणाऱ्या मावशींना हे सांगून ठेवावं लागतं, कारण वास आला की हात फिनाइलच्या बाटलीकडेच जातो. अमोनिया असलेले क्लीनर आणि गरम वाफेचं मशीनही नको. अमोनियाचा वास लघवीच्या जातीचा, आणि वाफेने कापडातला डाग पक्का होतो.

घरी केलेल्या बायोएन्झाइमबद्दल हमखास विचारलं जातं. गूळ १, लिंबू-संत्र्याची सालं ३, पाणी १०, आणि तीन महिने आंबवणं. ओट्यासाठी आणि सिंकसाठी छान, पण लघवी मोडणाऱ्या एन्झाइमची त्यात काहीच खात्री नाही. शिवाय ते आंबट असतं. व्हिनेगरप्रमाणेच संगमरवर, कोटा आणि शहाबादी फरशीची चकाकी खातं. व्हिट्रिफाइड टाइल असेल तर फरशीला धोका नाही, एवढंच.

बेली बँड आणि डायपर

बेली बँड म्हणजे नराच्या कमरेभोवती गुंडाळायचा वेल्क्रोचा पट्टा, आतून शोषक थर. उपाय म्हणून तो शून्य आहे, आणि तरीही नर कुत्र्यासाठी आमची शिफारस आहे. कारण वेगळं आहे. कार्पेट आणि पाहुण्यांचे पाय वाचले की घरातलं कोणी किंचाळत नाही, धावत फडकं आणत नाही, आणि दारातला गोंधळ निम्मा होतो. कुत्र्याला ती शांतता लागते.

माप मागच्या पायांच्या लगेच पुढे, लिंगाच्या टोकावरून जाईल असं घ्या. नराची शू पोटाखालून, बऱ्यापैकी पुढून येते. पट्टा जांघेकडे सरकवून बांधला की पॅड एकीकडे आणि धार दुसरीकडे, आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी. पॅडचा मध्य टोकाच्या बरोबर खाली यावा. पट्टा आणि अंग यात एक बोट सहज जावं. लहान मापात ८ ते १० सेंटिमीटर रुंदीचा पट्टा बसतो, त्याहून अरुंद असला की गोळा होतो. मिनिएचर पिन्शर किंवा चिवावासारख्या आत गेलेल्या कमरेच्या कुत्र्यांचा पट्टा मागे घसरतो. नाडीने तो हार्नेसला अडकवला की राहतो. पॉम आणि शिह त्झूच्या केसांत वेल्क्रो अडकतं आणि काढताना कुत्रं कळवळतं. मग पट्टा दिसला तरी ते पळायला लागतं. त्यांच्यासाठी टिचबटणाचा पट्टा बघा, किंवा वेल्क्रोचं तोंड पाठीवर घेऊन तिथले केस छाटा. आत लहान सॅनिटरी पॅड लावला तर कापड कमी भिजतं.

पाहुणे यायच्या पाच-दहा मिनिटं आधी घाला, सगळे स्थिरस्थावर झाल्यावर काढा. दिवसभर घालून ठेवणं हा या वस्तूचा सगळ्यांत वाईट वापर. त्वचा ओली राहते, लाल होते, पावसाळ्यात तर बुरशीही येते. भिजला की लगेच बदला आणि कातडी साध्या ओल्या कापडाने पुसून कोरडी करा. कपडे वाळत नाहीत अशा दिवसांसाठी तीन पट्टे तरी हवेत. धुताना फॅब्रिक कंडिशनर टाकू नका, त्याने कापड पाणी शोषायचं सोडतं.

मादीसाठी शेपटीला भोक असलेले डायपर मिळतात. भोक वर-खाली असेल तर मागून गळतं, म्हणून मोठं पाकीट घ्यायच्या आधी एखाद-दुसरा नग घालून बघा. ओला डायपर अंगावर राहिला की मादीत संसर्गाचा धोका नरापेक्षा जास्त, त्यामुळे आमचा कल मादीला डायपर न लावण्याकडे आणि दारासमोर धुता येणारी सतरंजी टाकण्याकडे आहे. बाळाचा डायपर कापून भोक पाडायची युक्ती टाळा. कापलेल्या कडेतून शोषक जेल बाहेर येतं आणि कुत्रं ते खातं.

गेट, हार्नेस आणि दारातली दोन मिनिटं

एकच वस्तू घ्यायची असेल तर गेट घ्या. शू होते ती उंबऱ्यापासून दोन-तीन मीटरच्या पट्ट्यात, पहिल्या दोन-तीन मिनिटांत. कुत्रं त्या वेळात तिथे नसलं की निम्मं काम झालं. भिंतीला भोकं न पाडता स्क्रूच्या दाबाने बसणारं गेट हॉल आणि पॅसेजच्या मधल्या दारात लागतं. चौकटीची रुंदी वर, मध्ये आणि खाली अशी तीन ठिकाणी मोजा, जुन्या इमारतींत ती सारखी नसते. सळ्यांमधलं अंतर ५ सेंटिमीटरपेक्षा कमी हवं. ३ किलोच्या आतलं कुत्रं त्याहून मोठ्या फटीतून निसटतं किंवा डोकं अडकवून बसतं, त्याला जाळीचं गेट बरं. बऱ्याच फ्लॅटना बाहेरचा जाळीचा सेफ्टी डोअर असतोच. पाहुणा बाहेर, कुत्रं आत, मध्ये जाळी, अशा सरावासाठी तो फुकटात मिळालेला गेट आहे.

गेट बसवून आत कुत्र्याला भुंकत ठेवणं म्हणजे काम नाही. बेल वाजली की कुत्रं गेटमागे जातं आणि त्याच्यासमोर जमिनीवर खाऊचे पंधरा-वीस बारीक तुकडे पसरले जातात. डोकं खाली, नाक कामाला. हातातून तोंडाजवळ खाऊ देऊ नका, त्याने उड्या वाढतात आणि उड्यांबरोबर शू. पाहुणा आत येतो, कुत्र्याकडे बघत नाही, बोलत नाही, सरळ जाऊन बसतो. तीन ते पाच मिनिटं तशीच जाऊ द्या. चारही पाय जमिनीवर आणि अंग सैल दिसलं की गेट उघडा. कुत्रं स्वतः पाहुण्याकडे जाईल. पाहुण्याने अंग थोडं तिरकं ठेवून, हात खालून नेऊन छातीवर किंवा हनुवटीखाली दोन-तीन सेकंद खाजवायचं आणि थांबायचं. डोक्यावर हात नाही, वाकणं नाही, चिवचिवता आवाज नाही. कुत्रं दबलं किंवा थेंब पडला तर पाहुणा फक्त तोंड फिरवतो. घरचं कोणी कुत्र्याला हाक मारून दुसरीकडे नेतं, आणि पुसायचं काम ते गेल्यावर, एक अक्षर न बोलता.

हे फसतं ते जवळजवळ नेहमी माणसांमुळे. नऊ जण नियम पाळतात आणि दहावे काका ‘अरे, मला कुत्री काही करत नाहीत’ म्हणत थेट अंगावर वाकतात. अशांसाठी गेट बंदच ठेवावं, वाद घालत बसू नये. घरातल्यांचाही तोच नियम. संध्याकाळी ऑफिसातून आल्यावर दारातच लाडालाडाचा सोहळा होत असेल, तर पाहुण्यांसाठीचा सराव रोज पुसला जातो. आत या, पिशवी ठेवा, हात धुवा, मग कुत्र्याकडे वळा. तिसरी चूक म्हणजे कुत्र्याला उचलून घेणं. शू तुमच्या शर्टवर होते, आणि कुत्र्याचं तोंड थेट पाहुण्याच्या तोंडासमोर येतं.

गळपट्टा धरून मागे ओढू नका. वरून येणारा हात दबलेल्या कुत्र्याला आणखी दाबतो, आणि पॉम, चिवावा, यॉर्कीसारख्या जातींत श्वासनलिका कमकुवत असण्याचं प्रमाण जास्त आहे. समोरून इंग्रजी वाय अक्षरासारखा दिसणारा हार्नेस आणि दीड मीटरचा हलका पट्टा पुरतो.

वायरलेस बेल ही या यादीतली दुर्लक्षित वस्तू. जुन्या बेलचा आवाज आणि उत्साह यांची गाठ इतकी पक्की असते की ती सोडवण्यापेक्षा नवा आवाज शिकवणं सोपं. धून बदलता येणारी आणि आवाज कमी-जास्त करता येणारी बेल घ्या. कमीत कमी आवाजावर वाजवा, लगेच गेटमागे खाऊ टाका. एका वेळी पाच ते आठ वेळा, दिवसातून दोनदा, आणि दारात कोणीही नसताना. कुत्रं बेल ऐकून दाराऐवजी गेटकडे वळायला लागलं की आवाज एक पायरी वाढवा. त्याआधी वाढवला तर पुन्हा खालून सुरुवात करावी लागते.

खाऊसाठी वेगळं पाकीट लागत नाही. उकडलेलं बिनमिठाचं चिकन किंवा पनीर, चण्याच्या डाळीएवढे तुकडे. ४ किलोच्या, नसबंदी झालेल्या प्रौढ कुत्र्याची दिवसाची गरज ढोबळमानाने ३०० कॅलरीच्या आसपास असते. वरच्या खाऊने त्यातला दहावा भाग व्यापावा, म्हणजे चिकन सुमारे २० ग्रॅम किंवा पनीर १० ग्रॅम. जेवण तेवढंच कमी करा. बाजारातली बिस्किटं या कामाला मोठी आणि कोरडी पडतात, चावण्यात वेळ जातो आणि तोवर पाहुणा आत आलेला असतो. लांब बसणाऱ्या पाहुण्यांसाठी सिलिकॉनची लिक मॅट उपयोगी. त्यावर बिनसाखरेचं दही पसरून फ्रीझरमध्ये गोठवली तर जास्त वेळ टिकते. पीनट बटर लावणार असाल तर डब्यावर झायलिटॉल नाही ना, ते वाचा. कुत्र्यांना ते विषारी आहे. स्नफल मॅट, म्हणजे खाऊ लपवून कुत्र्याला नाकाने शोधायला लावणारी चटई, विकत घ्यायची गरज नाही, भोकांच्या रबरी पायपुसण्यात जुन्या टी-शर्टच्या पट्ट्या गाठ मारून घातल्या की झाली.

जे घेऊ नये

शू पॅड पाळीव पिल्लाला जागा शिकवायला ठीक, पण आनंदात नाचणारं कुत्रं पॅडवर थांबत नाही. ‘इथे शू नको’ स्प्रे मुद्दाम केलेल्या शूसाठी असतात, आणि ही शू मुद्दाम नाही. शांत करणारा गंध हवेत सोडणाऱ्या फेरोमोन डिफ्यूजरचा सौम्य उपयोग काही घाबरट कुत्र्यांना होतो, पण दारातल्या दोन मिनिटांसाठी आणि खिडक्या उघड्या, पंखे चालू असलेल्या घरात त्याच्यावर पैसे घालावेत असं वाटत नाही. कंप देणारे आणि शॉकचे पट्टे तर थेट नुकसान करतात. पाहुणा आला की दुखतं, हे कुत्रं एकदा शिकलं की शूच्या जागी गुरगुरणं येतं.

ट्रेनर

आपल्याकडे कुत्र्यांचा ट्रेनर व्हायला कुठलाही परवाना लागत नाही. केपीए सीटीपी (कॅरन प्रायर अकॅडमीचं) किंवा सीपीडीटी-केए (ट्रेनरच्या ज्ञानाची परीक्षा घेऊन दिलं जाणारं) ही प्रमाणपत्रं असतील तर चांगलं, नसली म्हणून माणूस वाईट ठरत नाही. ‘कुत्रं चुकलं तर तुम्ही काय करता?’ या प्रश्नाला ‘पट्ट्याला झटका’ किंवा ‘बॉस कोण ते दाखवतो’ असं उत्तर आलं तर चहा पाजून निरोप द्या. अमेरिकेतल्या पशुवैद्यकीय वर्तनतज्ज्ञांच्या संघटनेने २०२१ च्या निवेदनात फक्त बक्षिसावर आधारित पद्धतींचीच शिफारस केली आहे, आणि या त्रासात तर दुसरी पद्धत उलटतेच. कुत्र्याला महिनाभर ठेवून घेऊन शिकवणारं पॅकेज इथे वाया जातं. उत्साह तुमच्या दाराशी, तुमच्या बेलशी आणि तुमच्या माणसांशी जोडलेला आहे, ट्रेनरच्या आवाराशी नाही. घरी येणारा ट्रेनर घ्या आणि पहिल्या भेटीत त्यालाच पाहुणा समजा. तो बेल वाजवून आत आला, कुत्र्याकडे न बघता तिरका बसला आणि मग तुमच्याशी बोलायला लागला, तर पुढच्या तारखा ठरवा. दारातच वाकून डोकं थोपटलं, तर प्रमाणपत्र मागायचीही गरज नाही.